चौथ्या दिवसाची मरतूक

पिल्लांची मरतूक कशामुळे थांबली यावर आमच्याकडे आता एकमत आहे. औषधामुळे थांबली, असं रजिस्टरात लिहिलं गेलंय आणि खाली सहीही झालीय. त्या एकमतात मी नाही. पण पुरावा म्हणावा असं माझ्याकडेही काही नाही, आणि म्हणूनच गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी फेझंट या रानपक्ष्याच्या प्रजनन केंद्रात ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवायची जागा, सांभाळतो. पिल्लू हॅचरमधून, म्हणजे अंडी फुटतात त्या यंत्रातून, उतरल्यापासून सहा-सात आठवड्यांनी मोठ्या जाळीत जाईपर्यंत माझ्या जिवावर असतं. कोंबडीची पिल्लं सांभाळलेल्यांना वाटतं, हे तसंच असणार. फेझंट आणि कोंबडी एकाच कुळातले खरे, पण कोंबडी हजारो वर्षं माणसाजवळ राहिलीय, आणि फेझंट पिंजऱ्यात जन्मला तरी मनाने रानातच असतो. एका दिवसाचं पिल्लू जेमतेम वीस ग्रॅमचं, कोंबडीच्या पिल्लाच्या निम्मं. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश उतरवत न्यायची. भोवतीचं चिक गार्ड, म्हणजे पिल्लांचं कुंपण, गोलच हवं, कारण कोपरा मिळाला की घाबरलेली पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावे लागतात, नाहीतर बोटभर पाण्यात बुडून मरतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलं तर पाय घसरून फाकतात आणि पुष्कळदा तसेच राहतात. कोंबडीच्या स्टार्टरवर, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या खाद्यावर, यांचं भागत नाही, सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. दुसऱ्या आठवड्यात उडायला लागतात, म्हणून वर जाळी. एवढं जमलं की ब्रूडर चालतो.

या वेळची बॅच चांगली उतरली होती. बेंब्या सुकलेल्या, पाय चकचकीत, डोळे लख्ख. चिक गार्डच्या दोन रिंगा केल्या. दुसऱ्या रिंगमध्ये तीन-चार दिवस आधी निघालेली थोडी पिल्लं होती, ती तिथेच राहिली. वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकत्र ठेवू नयेत असा नियम आहे, पण जागा नव्हती.

आणि या वेळी एक नवा आदेश होता. आदल्या हंगामात टोचाटोचीत बरीच पिल्लं गेली होती, म्हणून वरून सांगितलं गेलं की पहिल्या दिवसापासून ट्यूबलाइट बंद, फक्त लाल दिवे. लाल दिव्याचा उपयोग मी नाकारत नाही. त्या उजेडात रक्त उठून दिसत नाही, आणि रक्त दिसलं नाही की एकाला लागलेली जखम बाकीचे टोचत बसत नाहीत. पण टोचाटोचीचा खरा काळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. शिवाय मूळ कारण बहुतेक वेळा गर्दी असते. गर्दी कमी करायची तर बॅच लहान घ्यावी लागते. दिवा बदलायला फक्त एक कागद लागतो.

माझं म्हणणं इतकंच होतं की रक्त दिसू नये म्हणून जो दिवा लावायचा, त्यात खाद्य तरी कसं दिसणार? अंड्यातून निघालेल्या पिल्लाला खाद्य म्हणजे काय हे माहीत नसतं. जे बारीक आणि उठून दिसेल त्यावर ते चोच मारतं. रानात आई टोचून दाखवते. इथे आई नाही, निदान उजेड तरी हवा.

तिसऱ्या संध्याकाळी मी पिल्लं हातात घेऊन क्रॉप चाचपले. गळ्याखालची ही पिशवी खाद्य-पाणी दोन्ही पोटात असेल तर मऊ भिजवलेल्या पिठासारखी लागते. पहिल्या रिंगमध्ये कित्येकांची नुसत्या पाण्याने डुचमळत होती. मी कागदावर खाद्य पसरलं, बोटाने टकटक केलं. काही आली, टोचून पाहिलं, गेली. दिव्याचं सांगितलं तर ‘उद्या बघू’ असं उत्तर आलं.

चौथ्या सकाळी पहिल्या रिंगमध्ये मेलेली पिल्लं होती. ढीग होऊन गुदमरलेली वेगळी ओळखू येतात, एका जागी असतात, पिसं ओलसर आणि चपटी झालेली. ही तशी नव्हती. सुटी सुटी, दिव्याखाली, पाय मागे ताणलेले.

सर आले, बघितलं आणि म्हणाले, “इन्फेक्शन आहे. पाण्यात अँटिबायोटिक चालू करा.”

“सर, आधी उघडून बघतो ना.”

“तुम्ही उघडून बघेपर्यंत उरलेली जातील.”

हेही चूक नव्हतं. बेंबीतून शिरलेला संसर्ग पहिल्याच आठवड्यात मारतो आणि वाट बघत नाही. मी औषध घातलं, आणि मग मेलेली पिल्लं उघडायला बसलो.

इतक्या लहान पिल्लाला मोठी कात्री चालत नाही, आतलं सगळं एकत्र कापलं जातं. बेंबीच्या बाजूने हलकं उघडायचं आणि आधी बलक बघायचा. पिल्लू अंड्यातून निघताना उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि साधारण तीन दिवस त्यावर निभावतं. चौथ्या दिवशी मरण्याचं गणित त्यात आहे. संसर्ग असेल तर हा बलक जिरत नाही, पातळ, मळकट होतो आणि पोट उघडताच वास येतो. माझ्यासमोरच्या बहुतेक पिल्लांत बलक वाटाण्याहून लहान उरला होता, वास नाही. गिझार्डमध्ये, म्हणजे खाद्य दळणाऱ्या जठरात, खाद्याचा कण नाही, पण खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाचे तुकडे होते. म्हणजे टोचत होती, भलतंच टोचत होती. आणि पित्ताशय टम्म, गडद हिरवं. पोटात अन्न आलं की पित्त खाली उतरतं. अन्नच आलं नाही तर साठत राहतं. इतकं स्पष्ट चित्र क्वचित मिळतं. मी सरांना बोलावलं. ते दारातून बघून गेले.

दोन पिल्लं मात्र वेगळी निघाली. बेंबी सुजलेली, बलक नासलेला, तो वास. म्हणजे सर पूर्ण चुकीचे नव्हते. ही दोन मी लपवली नाहीत, रजिस्टरात लिहिली. पुढे तीच दोन माझ्यासमोर नाचवली गेली.

त्या दुपारी साफसफाईच्या मावशी रिंगांवर वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “अहो, तिकडची मोठी पिल्लं बघा कशी टोचतायत, बारकी त्यांच्या मागे मागे. त्यातली दोन-चार इकडे टाका की.” आमच्या प्रशिक्षणांत हे कुणी सांगत नाही. टाकली. मी ट्यूबही लावली, विचारलं नाही. संध्याकाळी पहिल्या रिंगमध्ये कागदावर चोचींचा आवाज यायला लागला.

पाचव्या दिवशी आणखी काही गेली, सहाव्या दिवशी कमी, सातव्या दिवशी एकही नाही. बैठकीत औषधाचं नाव घेतलं गेलं.

उपाशी पिल्लांची मरतूक तुम्ही काहीही केलं नाहीत तरी याच सुमारास थांबते. जी खायला शिकली नाहीत ती तोवर संपलेली असतात, शिकली ती उरतात. पाचव्या दिवशी जे काही कराल त्याला यश येतं. हाच हिशोब माझ्या ट्यूबला आणि मावशींच्या पिल्लांनाही लागू होतो, हे मला कळतं. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. कुठली लागू पडली, की कुठलीच नाही, कोण सांगणार?

माझ्या बाजूने एकच गोष्ट बोलते ती म्हणजे दुसरी रिंग. तेच पाणी, तेच औषध, तोच लाल दिवा, आणि तिथे जवळपास काहीच मेलं नाही. फरक फक्त मोठ्या पिल्लांचा. मी हे मांडलं तेव्हा सर म्हणाले, पहिल्या रिंगची पिल्लं हॅचरच्या खालच्या ट्रेमधली होती, तिथे घाण जास्त. ट्रेचं ते बरोबर निघालं. पण मग दिव्याचं काय? दुसऱ्या रिंगलाही लालच होता आणि ती जेवली. म्हणजे दिव्याबद्दलचं माझंच म्हणणं अर्धं पडतं.

चौथ्या सकाळची काही पिल्लं मी फ्रीजमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवली होती. अहवाल आला: यकृत आणि हृदयाच्या नमुन्यांत जिवाणूंची वाढ नाही. सर खूश. “बघा, औषधाने साफ झालं.”

“सर, ही पिल्लं औषधाच्या आधी मेलीत.”

“मग त्या लॅबचं काही खरं नाही.”

आता नवा आदेश आहे. प्रत्येक बॅचला पहिले पाच दिवस अँटिबायोटिक, आणि लाल दिवे कायम. रोग नसताना असं औषध पाजत राहिलो तर आपल्या शेडमधले जिवाणू त्याला सरावतील, आणि खरोखर बेंबीचा संसर्ग आला की हातात काही उरणार नाही. हे मी लेखी दिलं. पोच मिळाली.

त्याच अर्जात पुढच्या बॅचच्या लहान लहान रिंगा मागितल्यात, पिल्लं सगळ्या ट्रेमधली मिसळून. एकीत फक्त ट्यूब, एकीत फक्त मोठी पिल्लं, एकीत फक्त औषध. चौथी रिंग, जिच्यात यातलं काहीच करायचं नाही, ती लिहायला घेतली आणि लिहवली नाही. तिच्याशिवाय ताळा जुळत नाही, हे सर पहिल्या वाचनात दाखवून देतील.

शेरा अजून आलेला नाही. इनक्युबेटरमध्ये अंडी मात्र मी तीन दिवसांच्या अंतराने दोन खेपांत लावलीत. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.