फांदीचं वय

लिंबोणीच्या फांदीची साल काढायची तर आधी मन घट्ट करावं लागतं. फांदी चांगली असते, पेन्सिलीएवढी जाड, पानांनी भरलेली. तिने कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं आणि आपण सुरी घेऊन तिच्यासमोर उभे. गुटी कलमाची, म्हणजे झाडावरच्या फांदीला झाडावरच मुळं फोडून मग ती कापून लावण्याची, सुरुवातच अशी. माझी पहिली गुटी इथेच फसली.

म्हणजे साल काढली होती. इंचभर अंतरावर दोन गोल काप, मध्ये एक उभी चीर, आणि नखाने जरा उचकटताच साल कड्यासारखी अख्खी सुटून आली. (झाड पालवत असलं की ती अशी सुटते. लाकडाला चिकटून बसली तर सुरी ठेवून द्यावी आणि पुढच्या पालवीची वाट बघावी.) आतलं लाकूड पांढरं, ओलं, बुळबुळीत. तो बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून काढायचा असतो, हे मला माहीत होतं. पण खरचटलेल्या गुडघ्यावर पुन्हा घासल्यासारखं वाटलं ते. मी वरवर दोनदा सुरी फिरवली, ओलं मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, बांधलं आणि मोकळी झाले.

तीन महिन्यांनी सोडून बघते तर आत एक मूळ नाही. उघड्या लाकडावर फांदीने नवी साल धरली होती, खालचा काठ वरच्या काठाला जाऊन मिळाला होता. नवी साल तयार करणारा थर नेमका तोच, ज्याची मला दया आली. फांदी खडखडीत बरी झाली होती, मुळं कशाला काढेल?

मग ही भानगड समजून घेतली. मुळांकडचं पाणी वर चढतं ते लाकडातून, आणि पानांनी केलेलं अन्न खाली उतरतं ते सालीतून. म्हणून कडं काढलं तरी पानं टवटवीत राहतात. अडतं ते खाली येणारं. साखर आणि मुळं फुटायला लावणारं ऑक्झिन हे संप्रेरक वरच्या काठाशी येऊन तुंबतं, काठ ओठासारखा सुजतो, आणि ओल नि अंधार मिळाला की त्या सुजेतून मुळं निघतात. निघतात ती वरच्याच काठातून.

दुसऱ्या खेपेला लाकूड कोरडं दिसेपर्यंत खरवडलं. मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळलं, थेंब पडायचा थांबेपर्यंत, कारण फार ओलं राहिलं तर कुजतं. त्यावर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळलेली, आणि मुळांना उजेड नको म्हणून वरून फॉइल. प्लॅस्टिक नव्हतं तेव्हा लोक गोणपाट गुंडाळून वर भोकाचं मडकं टांगत, त्यातून सोडलेल्या सुतळीवरून पाणी थेंबथेंब गुटीवर उतरे. आता बांधायचं आणि विसरायचं, एवढंच. मला विसरणं जमत नाही.

"अगं, झाडाचा हात मोडलाय का?" आईने विचारलं.

"नाही गं, बाळ होणार आहे त्याला."

"मग सारखं उघडून काय बघतेस? होईल तेव्हा होईल."

सहाव्या आठवड्यात प्लॅस्टिकला आतून टेकलेला एक पांढरा दोरा दिसला. पहिल्या मुळाला भुलून कापू नये. मॉसभर जाळं होऊन मुळं जरा तपकिरी पडेपर्यंत थांबावं. लिंबू या बाबतीत गुणी, महाळुंग त्याहून गुणी. संत्र्याचं झाड मात्र अंत पाहतं.

यापेक्षा बी का नाही लावलं, असं मला हमखास विचारतात. लिंबाच्या एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं उगवतात, आणि त्यातली बरीचशी आईच्याच पेशींतून झालेली, हुबेहूब आईसारखी असतात. पण त्यांना बालपण पहिल्यापासून काढावं लागतं: लांब लांब काटे, नुसती वाढ, आणि फुलासाठी पाच-सात वर्षं वाट. गुटीची फांदी आपलं वय बरोबर घेऊन येते. आजारही घेऊन येते, म्हणून झाड निरोगी बघावं. तिला सोटमूळ नसतं, त्यामुळे वाऱ्यात काठीचा आधार लागतो. शिवाय डिंक्या रोगाला दाद न देणारा खुंट, म्हणजे दुसऱ्या झाडाचं मुळांसकट बूड, खाली नसतो. बागाईतदार डोळे भरतात, म्हणजे हव्या झाडाचा डोळा खुंटाच्या सालीत बसवतात, ते अशा खुंटासाठी. कुंडीतल्या एका झाडासाठी मी एवढा हिशेब करत नाही.

दोन महिने उलटल्यावर गुटीच्या खालून कात्रीने फांदी तोडली. निम्मी पानं काढली, कारण एवढीशी मुळं सगळ्यांना पाणी पुरवू शकत नाहीत. प्लॅस्टिक सोडलं, मॉसला हात लावला नाही, तसंच कुंडीत लावून सावलीत ठेवलं.

वीतभर उंचीचं ते झाड महिन्याभरात कळ्यांनी भरलं. वय बरोबर आणलं होतं ना! कळ्या खुडायच्या असतात, आधी मुळं धरू द्यायची असतात. खुडल्या. एक काट्याआडच्या पानाखाली राहिली, तिचं आता मिरीएवढं लिंबू झालंय. तेही काढायला हवं, हे मला माहीत आहे.