बक्षिसांची वही

शाळेचा इतिहास लिहायचं गावानं ठरवलं तेव्हा सगळे जनरल रजिस्टरावर तुटून पडले. साहजिकच आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या अल्याडपल्याडच्या जुन्या शाळांत हे रजिस्टर म्हणजे देव्हाऱ्यातली पोथी. आमच्याही रजिस्टराची पहिली पानं मोडीत आहेत, ती वाचायला बाहेरगावाहून एका वयस्कर गृहस्थांना बोलवावं लागलं. शाळा सोडल्याच्या कारणांत ‘गुरे राखणे’ आणि ‘सतत गैरहजर’ पानोपानी सापडलं, मुलींच्या नावापुढे ‘लग्न झाले’. जन्मतारखांची तर मौजच. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला टेकला की त्याला सहा वर्षं पुरी झाली असं धरायचं आणि तारीख टाकायची १ जून! आमच्या गावातले निम्मे म्हातारे त्यामुळे एकाच दिवशी जन्मले.

पण रजिस्टरात कळतं ते कोण आलं, कोण गेलं एवढंच. शाळा गावाची कशी झाली ते दुसऱ्याच एका वहीत आहे, आणि ती वही इतिहास लिहिणाऱ्यांच्या यादीत नव्हतीसुद्धा. लाल कापडी पुठ्ठ्याची, रोजकीर्द लिहितात तसली. गॅदरिंगच्या बक्षिसांची वही.

ज्यांनी खेड्यातलं गॅदरिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाच रंगात आला की प्रेक्षकांतून कुणीतरी चिठ्ठीत गुंडाळून पैसे स्टेजवर पाठवतो. निवेदन करणारे गुरुजी गाणं तिथंच थांबवतात आणि कर्ण्यावर पुकारतात, “लेझीम पथकावर खूश होऊन अमुक अमुक यांच्याकडून रुपये दोन! शाळा त्यांची आभारी आहे.” टाळ्या. गाणं पुन्हा सुरू. पुकारलं एकाचं नाव की भाऊबंदकीतला दुसरा लगेच तीन पाठवणार. स्टेजच्या कडेला एक गुरुजी मांडी घालून बसलेले असत, ते नाव आणि रक्कम वहीत उतरवून घेत. नाचणाऱ्या पोराला मिळे एखादी वही नाहीतर पेन्सिल, पैसे जात शाळेला. त्या पैशांचं काय घ्यायचं हे दुसऱ्या दिवशी देवळात बसून ठरे. घड्याळ, पाण्याचा पिंप, नकाशे, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, सगळं असंच आलेलं.

गॅदरिंग २६ जानेवारीनंतर आणि शाळूच्या काढणीआधी व्हायचं. त्या मधल्या दिवसांत माणसांना जरा उसंत असते. बैलांना मात्र नसते, कारण कारखाना चालू असतो. नेमकी हीच पंचाईत. आमचं स्टेज बैलगाड्यांचं. चार-पाच गाड्या एकमेकींना जोडून लावायच्या, चाकं हलू नयेत म्हणून दगडांची उटी द्यायची, वर दारं-फळ्या आणि त्यावर जाजम. सगळ्या गाड्या तर ऊस वाहायला गेलेल्या. मग मोठे गुरुजी स्वतः घरोघर जाऊन “एक रात्र द्या” म्हणून मिनतवाऱ्या करायचे. गुरुजी दारात आले म्हटल्यावर नाही म्हणायची छाती कुणाची होती? ज्याची गाडी तो मात्र कार्यक्रमभर स्टेजकडे न बघता गाडीच्या जुवाकडे बघत बसलेला असायचा.

उजेडाला गॅसबत्त्या. वीज आल्यावरही पुष्कळ वर्षं त्या हाताशी ठेवाव्या लागत, कारण गॅदरिंग आणि लाईट यांचं कधी जमलं नाही. पडदा म्हणजे जोडलेल्या चादरी, तो ओढायचा मान सातवीच्या मॉनिटरला. नाटुकलं दरवर्षी अफजलखानाच्या वधाचं. एके वर्षी खान मरून पडला आणि त्याच्या चुलत्यानं त्याच्या नावानं बक्षीस पाठवलं. गुरुजींनी पुकारल्याबरोबर खान उठला, समोर नमस्कार केला आणि पुन्हा होता तिथं जाऊन मेला. त्याला वन्स मोअर मिळाला. आजही तो गृहस्थ गावात खान म्हणूनच ओळखला जातो, आता त्याला नातवंडं आहेत.

जुन्या लोकांच्या सांगण्यावरून शाळा मुळात मारुतीच्या देवळात भरायची. यावर कुणी भाबडेपणानं ‘किती पवित्र वातावरण’ वगैरे लिहू लागलं की मला राहवत नाही. देवळातली शाळा म्हणजे खालच्या आळीतली पोरं पायऱ्यांच्या खाली. पाटी बाहेरूनच दाखवायची, गुरुजींनी लांबूनच बघायची. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा आणि पाणवठे अस्पृश्यांना मोकळे, असं त्यात होतं. पण ठराव कौन्सिलात झाला म्हणून आमच्या मारुतीच्या पायऱ्या काही खाली आल्या नाहीत. ती पोरं इतरांबरोबर एका छताखाली बसली ती शाळेला स्वतःची कौलारू इमारत झाल्यावरच. आणि गंमत अशी की लेझीम शाळेची, पण लेझमीला हलगी खालच्या आळीचीच लागायची. हलगीवाल्याशिवाय गॅदरिंगचं पान हलत नसे. वहीत सुरुवातीच्या काही वर्षांत हलगीवाल्याला दिलेली बिदागी खर्चात लिहिलेली दिसते. पुढे एका वर्षापासून त्याच घरातल्या माणसाचं नाव जमेच्या बाजूला येतं, मुलीच्या नाचावर बक्षीस देणारा म्हणून. मला ही नोंद शाळेच्या संपूर्ण इतिहासात सगळ्यांत मोठी वाटते. इतिहास समितीत दोघा-तिघांना ती ‘कशाला उगीच’ वाटली, पण ती छापायचीच यावर मी अडून बसलोय.

मुलीच्या नाचाचंही सहज झालं नाही. आधी बायकांची कामं पोरंच करायची, आईचं लुगडं नेसून. मग शाळेत पहिल्यांदा बाई आल्या. बाईंनी मुलींची टिपरी बसवली, तेव्हा पारावर बरीच कुरकुर झाली. बाई पारावर भांडायला गेल्या नाहीत. त्यांनी कुरकुर करणाऱ्यांच्याच घरातल्या मुली निवडून पहिल्या रांगेत घेतल्या. त्या रात्रीचं वहीतलं पान दोन्ही बाजूंनी भरलंय.

मधे मधे शाळेचं नाव बदलत राहिलं. आधी लोकल बोर्डाची शाळा. गांधीजींच्या नई तालीमचे दिवस आले तसं ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ झालं, टकळीवर सूत काढणं आणि वाफे करणं हा अभ्यासाचा भाग झाला. त्या काळात गॅदरिंगला सूतकताईची स्पर्धाही असे, म्हणजे प्रेक्षकांनी शांतपणे सूत निघताना बघायचं. ती फार टिकली नाही, यात नवल नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी पुन्हा रंगवली गेली. माणसं मात्र अजून ‘बोर्डाची शाळा’च म्हणतात.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मला आठवत नाही, मी तेव्हा अंगणात रांगोळी पुसत फिरणारा. थोरल्या बहिणीकडून ऐकलेलं आहे. पहाटे साडेचारच्या आत-बाहेर जमीन हलली, शाळेची मागची भिंत उभी फाटली, कौलांचा खच पडला. गाव कित्येक दिवस अंगणात आणि रानात झोपत होतं. अशात गॅदरिंग कसलं, असं बहुतेकांचं म्हणणं. मोठे गुरुजी म्हणाले, “नाहीतरी सगळे रात्री बाहेरच असता, मग मैदानात येऊन बसा.” आणि गॅदरिंग झालं. त्या वर्षीच्या पानावर रकमांपेक्षा वस्तूच जास्त आहेत: ‘कौले शंभर’, ‘वासे दोन’, ‘गाडीभर दगड’. भिंत सरकारी मंजुरीची वाट न बघता उभी राहिली, मंजुरी नंतर आली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं गॅदरिंग मी स्वतः पाहिलं, नाचलोही. आमच्याकडे नदी होती, म्हणून माणदेशासारखी दैना नव्हती, तरी माळावरच्या वस्त्यांतली माणसं खडी फोडायला जात होती, शाळेत आणि कामावर सुकडी वाटली जात होती. कार्यक्रम अंधार पडायच्या आत उरकला, रॉकेल वाचवायला. त्या पानावर नावं दाटीवाटीनं आहेत, रकमा चार आणे, आठ आणे. एक रुपया दिसतच नाही. गुरुजींनी तरीही प्रत्येक नाव पुकारलं, त्यामुळे नाचापेक्षा पुकारायलाच जास्त वेळ गेला. आम्ही पोरं पाय उचलून उभी, हलगी थांबलेली, आणि गुरुजी वाचतायत, वाचतायत.

आता मुंबईकरांबद्दल. आमच्या भागातला प्रत्येक तिसरा माणूस तेव्हा मुंबईत, गिरणीत नाहीतर माथाडीत. गावच्या मुंबईकर मंडळींचं मंडळ होतं, ते गॅदरिंगला रजा काढून येत. जांभळा मखमली पडदा त्यांनी आणला, तेव्हा चादरी सुटल्या. बक्षिसंही त्यांचीच मोठी. स्टेजसमोरच्या खुर्च्या त्यांच्या, आणि गाववाल्यांच्या पोटात दुखायचं तेही त्यामुळेच. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी माणसं आली, ‘महिन्यात मिटेल’ म्हणाली, नेहमीसारखी पाकिटं दिली. १९८३ च्या पानावर गिरणीवाल्यांचं एकही नाव नाही. माणसं तर होती, गावातच होती, बायकापोरांसह परत आलेली. पण ती खुर्च्यांवर बसली नाहीत, मागं बांधाच्या कडेला उभी राहिली. निवेदन करणाऱ्या गुरुजींना त्या रात्री फार जपून बोलावं लागलं असणार.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच माणसांनी शाळेच्या मैदानात दगडी ओटा बांधला. कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्याकाठचा दगड फोडून आणला, गवंडीकाम येणारा त्यांच्यातच एक निघाला. साचे, गिरणीतली खाती, पाळ्या यांत आयुष्य गेलेली माणसं, हाताला काम नाही म्हणून दिवस खायला उठलेली. ओटा पुरा झाला. बैलगाड्यांची मिनतवारी कायमची संपली. वहीत त्याची नोंद आहे ती इतकीच: ‘स्टेज. श्रमदान. मुंबईकर.’ रक्कम लिहायच्या जागी आडवी रेघ.

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढचं सरकारी कागदांत नीट सापडतं. १९८७ च्या खडू-फळा योजनेत किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हा नेम आला. आमच्याकडे ते आधीच होतं, पण साहित्याच्या पेटीबरोबर ढोलक आला आणि हलगीला जोडीदार मिळाला. १९९५ पासून तांदूळ मिळू लागला, महिन्याला तीन किलो, पुढे त्याची शिजवलेली खिचडी झाली. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर शाळा व्यवस्थापन समिती आली आणि गॅदरिंगचा खर्च बँकेच्या खात्यातून जाऊ लागला. हिशेब चोख झाला हे खरंच. पूर्वी तो चोख होता की नाही, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नसे.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र कागदांत कुठेच नाही. ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांची पोरं. त्यांची कोपी, म्हणजे झोपड्यांची तात्पुरती वस्ती, शाळेच्या मागच्या मळ्यात पडायची, पोरं खिडकीतून बघत उभी राहायची. एका गुरुजींनी त्यांना आत घेतलं आणि लेझमीत उभं केलं. हंगाम संपला की पोरं गेली, त्यामुळे पटावर ती धड चढलीच नाहीत. पण वहीत आहेत: ‘कोपीवरच्या मुलांचे भारूड’, आणि त्यावर टोळीच्या मुकादमाकडून रुपये अकरा. इतकं फर्मास भारूड त्या ओट्यावर पुन्हा झालं नाही, हे मी जबाबदारीनं सांगतो.

हल्लीचं गॅदरिंग वाईट नाही. गाणी पेनड्राईव्हवर, नाच बसवायला तालुक्याहून पोरगा येतो, ड्रेस भाड्यानं, एलईडीचा पडदा. आया-बाप मोबाईल वर धरून उभे असतात, त्यामुळे टाळ्यांना हात मोकळे नसतात, एवढीच माझी तक्रार. बक्षिसं स्कॅन करून येतात. पुण्यातला माजी विद्यार्थी थेट प्रक्षेपण बघत पाचशे एक पाठवतो आणि त्याचं नाव पुकारलं जाईपर्यंत फोनवर फोन करतो. म्हणजे मूळ स्वभाव तोच. मुख्याध्यापिका बाई तरीही सगळी नावं वहीत लिहून घेतात, स्वतःच्या हातानं.

पट मात्र कमी झालाय. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या गावातून पोरं उचलतात. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, असं पत्र २०२३ मध्ये निघालं, तेव्हापासून गावात पटाचा आकडा पावसाच्या आकड्यासारखा विचारला जातो. आम्ही अजून विसाच्या वर आहोत. गेल्या गॅदरिंगनंतर जवळच्या मळ्यातली काही पोरं गाडीतून उतरून परत शाळेत आली. ओट्यावर नाचायला मिळतं, हे त्यांनी घरी सांगितलेलं कारण.

आणि आता भांडण लागलंय त्या ओट्यावरूनच. मुंबईकर मंडळाच्या आताच्या पोरांना तो पाडून स्लॅबचा रंगमंच करायचाय, आजोबांच्या नावांची फरशी लावून. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांचं म्हणणं, आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी, रंगमंचाचं मग बघा. मी आयांच्या बाजूचा आहे, आणि हे मंडळाच्या पोरांना आवडलेलं नाही. बाईंनी दोन्ही बाजूंना सांगितलंय, येतं गॅदरिंग होऊ द्या, वहीत किती जमतंय ते बघू, आणि दुसऱ्या दिवशी देवळात बसू. टाकीचं कोटेशन त्यांनी आधीच मागवून ठेवलंय.