ओढत ओढत निवडणं

माउसचं बटण दाबून धरायचं, हात खाली सरकवायचा आणि तक्त्यातली एकेक ओळ निळी होताना बघायची, यात एक आळशी सुख आहे. पण पुढच्या चार ओळी ओढायला गेलं की आधीच्या चार सुटतात. त्या टिकवायच्या तर कंट्रोल दाबून ठेवा. डाव्या हातात चहाचा कप असलेल्या माणसाने काय करायचं?

जावा या प्रोग्रामिंग भाषेत खिडक्या-बटणं बनवायचा स्विंग नावाचा संच आहे; त्यातला तक्ता, म्हणजे जेटेबल, याबाबतीत समजूतदार आहे. बटण दाबलं काय, माउस ओढला काय, निवड शेवटी 'चेंजसिलेक्शन' या एकाच मेथडकडे, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याकडे, येते. सोबत ओळ, स्तंभ आणि दोन होय-नाही: टॉगल (निवड उलटवायची का) आणि एक्स्टेंड (आधीची निवड इथपर्यंत पसरवायची का). शिफ्टशिवाय दाबताना एक्स्टेंड 'नाही' असतं, ओढताना 'होय'. ही मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी आपली लिहून, टॉगल कायमचं 'होय' केलं की झालं. जिथे बटण दाबलं ती ओळ अँकर. तिची जी दशा, तीच पुढच्या सगळ्यांची. न निवडलेल्या ओळीवरून निघालात तर निवडत जाता, निवडलेल्या ओळीवरून निघालात तर पुसत जाता. एवढ्याशा बदलात खोडरबरही फुकट मिळतो!

काही जण उत्साहात एक्स्टेंडही कायमचं 'नाही' करून टाकतात. मग त्याच ओळीवर माउस किंचित हलला तरी ती लागते, विझते, पुन्हा लागते. दिवाळीची माळच.

आपल्या बदलातही दोन खोचा आहेतच. बाणाच्या कीज याच मेथडमधून जातात, त्यामुळे नुसतं खाली उतरतानाही ओळी निवडल्या जातात. म्हणून घडलेली घटना माउसची आहे का, हे आधी विचारावं लागतं. दुसरी खोच जास्त चिवट. हात दोन ओळी पुढे गेला आणि मागे आणला, तर मूळ टेबल त्या दोन सोडून देतं. आपलं सोडत नाही, कारण अँकरपासूनचा पट्टा आता नुसता जोडला जातो. उपाय आहे: बटण दाबतानाची निवड जपून ठेवायची आणि ओढताना दरवेळी तिच्यावरूनच नवी मांडायची.

राहता राहिली तक्त्याखाली दाखवायची, निवडलेल्या ओळींची बेरीज. 'गेटव्हॅल्यूइजअ‍ॅडजस्टिंग' खरं आहे, म्हणजे हात अजून ओढतोय, तोवर ती करू नये, असा शहाणा सल्ला आहे. लाखभर ओळी असतील तर मीही तो पाळेन. एरवी नाही. हात सरकतो तसा आकडा फुगताना बघायला मला फार आवडतं.