रात्री बारानंतरच्या नूडल्स
जपानमधल्या एका पिठाच्या कंपनीत मी नूडल्सच्या पिठाच्या चाचण्या करते. प्रयोगशाळेत सगळं ठरलेलं असतं: पाणी स्वच्छ, तापमान नेमकं, घड्याळ लावलेलं. तिथे पास झालेलं पीठ प्रत्यक्ष वाडग्यात कसं वागतं, हे बघायला गेल्या हिवाळ्यात मला आणि माझ्या वरिष्ठांना फुकुओकाला पाठवलं. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्यावरच्या गाड्यांवर रामेन, म्हणजे गरम सूपमधल्या नूडल्स, खायचं आणि तुलना लिहून आणायची, एवढंच काम.

फुकुओका निवडलं, कारण तिथल्या नूडल्सना थोडाही उशीर चालत नाही. हाकाता हा फुकुओकाचाच एक भाग, आणि तिथल्या रामेनचं सूप डुकराच्या हाडांचं. हाडं तासन्‌तास खळखळ उकळली की मज्जा आणि चरबी पाण्यात मिसळून ते पांढरं, दाट होतं. त्यातल्या नूडल्स बारीक आणि सरळ. पिठात पाणी फार कमी घातलेलं, १०० ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. उत्तरेकडच्या साप्पोरो शहरातल्या पिवळ्या, कुरळ्या नूडल्समध्ये ते बरंच जास्त असतं. या बारीक नूडल्स मिनिटाच्या आत शिजतात, पण वाडग्यात पडल्यावर सूपही भराभर ओढतात आणि मऊ पडतात. फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळी बाजारातल्या घाईच्या गिऱ्हाइकांना झटपट शिजणाऱ्या नूडल्स सोयीच्या होत्या. एकदम जास्त वाढल्या तर खाईपर्यंत फुगतात, म्हणून आधी थोड्याच द्यायच्या आणि मागितल्यावर उरलेल्या सूपमध्ये ताज्या घालायच्या. याला काएदामा म्हणतात.

या गाड्यांना तिथे याताई म्हणतात. संध्याकाळी फुटपाथवर उभ्या राहतात, पहाटेपर्यंत आवरल्या जातात. एका गाडीवर आठ-दहा माणसं, खांद्याला खांदा लावून. शहराने २०१३ साली त्यांच्यासाठी खास नियमावली केली, आणि नव्या माणसांनाही अर्ज करून गाडी लावायची वाट मोकळी झाली. बसलेल्या प्रत्येकाने काहीतरी मागवायचं ही रीत आहे, आणि टाकून उठणं आम्हा दोघांनाही पटत नाही. त्यामुळे एकाने रामेन घ्यायचं, दुसऱ्याने ओदेनमधला, म्हणजे रश्शात मंद शिजवलेला, मुळा किंवा अंडं, आणि पुढच्या गाडीवर अदलाबदल.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून सगळीकडे नूडल्स ‘काता’, म्हणजे जरा कडक, मागवल्या. त्याहून कडक ‘बारीकाता’ आणि ‘हारीगाने’ही मिळतात, पण त्यात पिठाचा कच्चेपणा पुढे येतो.

तेन्जिन भागातल्या पहिल्या गाडीवरच्या नूडल्स मला फार आवडल्या. दाताखाली सुटसुटीत तुटत होत्या, मधोमध बारीकसा कडक गाभा, गव्हाचा वास स्पष्ट. नागाहामाला सूप हलकं होतं आणि नूडल्सही चांगल्या. नाकासू भागात नदीकाठी मात्र सूप पाणचट लागलं. कारण समोरच दिसत होतं: तिथला माणूस झाऱ्यातल्या नूडल्स दोनदाच झटकून वाडग्यात सोडत होता. नूडल्सबरोबर उकळीचं पाणी वाडग्यात जातं आणि तासन्‌तास आटवलेलं सूप तिथेच पातळ होतं. पाणी झटकायच्या या कामाकडे खाणारे लक्ष देत नाहीत, पण मला ते मसाल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बारा वाजून गेल्यावर वरिष्ठ म्हणाले, पहिल्या गाडीवर परत जाऊ. तोच माणूस, त्याच ट्रेमधल्या नूडल्स, पुन्हा ‘काता’. या वेळी पहिल्याच घासाला नूडल्स एकमेकींना चिकटत होत्या. गाभा कडक होता, पण वरचा थर बुळबुळीत, आणि मागे खाराचा किंचित वास. मी उकळीच्या भांड्यात डोकावले. संध्याकाळी तळ दिसणारं पाणी आता पेजेसारखं झालं होतं.

रामेनच्या पिठात कान्सुई घालतात. त्यात मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं, आपल्या पापडखाराच्याच जातीचे क्षार. पिवळसर रंग आणि चिवटपणा त्यामुळे येतो. प्रत्येक घाण्याबरोबर थोडा स्टार्च आणि थोडा क्षार पाण्यात उतरतो. पाणी जितकं क्षारयुक्त, तितका पुढच्या नूडल्सचा वरचा थर जास्त विरघळतो. दुकानात पाणी बदलता येतं. गाडीवर भांडं एकच आणि समोर गिऱ्हाईक वाट बघत असतं.

वरिष्ठांनी आधी सूपची मनापासून तारीफ केली, आम्ही काय काम करतो ते सांगितलं, मग पाण्याचं विचारलं. गाडीवाल्याला सगळं ठाऊक होतं. गर्दी जरा ओसरली की तो भांड्यातलं काही पाणी काढून नवं घालतो. एकदम सगळं बदललं तर उकळी मोडते आणि मंद पाण्यात नूडल्स आणखी बिघडतात. म्हणून रात्री उशिरा तो नूडल्स थोड्या आधी उचलतो आणि जास्त वेळ झटकतो. त्याने आम्हाला ते करून दाखवलं. झारा हवेत थांबवून मनगटाचा एक झटका, मग कडेवर हलकी थाप, मग पुन्हा झटका. घड्याळ न बघता तो पाण्याच्या दाटपणाचा हिशोब हाताने करत होता. आमच्या यंत्रांमध्ये याची कुठेच नोंद नव्हती.

हॉटेलवर पोचल्यावर झोप येईना, तेव्हाच अहवाल लिहायला घेतला. गाड्यांचे क्रमांक लावायला मी नकार दिला. संध्याकाळी सातची गाडी आणि रात्री साडेबाराची गाडी यांना एकाच यादीत बसवणं चुकीचं आहे, हे मी त्यात स्पष्ट लिहिलं, आणि वरिष्ठांनी खाली सही केली. आता आमच्याकडे हाकाताच्या पिठाची चाचणी दोनदा होते. एकदा ताज्या पाण्यात आणि एकदा त्याच भांड्यात बरेच घाणे काढून झाल्यावर. पहिल्या चाचणीत उत्तम ठरलेली काही पिठं दुसरीत मागे पडतात, आणि गाडीवाल्यांसाठी कोणतं पीठ सुचवायचं हे आम्ही दुसरीवरून ठरवतो.