ओपनस्ट्रीटमॅपवर गणेशखिंड रस्त्याचे बसथांबे नीट करताना

२०२० मध्ये पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावरच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला. पुढे मेट्रोच्या कामात त्या भागातले रस्ते, वळणं आणि थांबे हलत राहिले. ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर मात्र थांबे जुन्याच जागी होते. नवख्या माणसाने नकाशावर विसंबून उभं राहावं आणि बस पुढच्या वळणावरून निघून जावी, हे मला बघवेना. म्हणून ते थांबे दुरुस्त करायला घेतले.

हा नकाशा २००४ पासून लोकच बनवतायत. खातं उघडलं की कुणीही बदल करू शकतं. पण गूगल मॅप्सवरून काहीही उतरवायचं नाही, परवान्यात ते बसत नाही. त्यामुळे पायी फिरणं आलं. शेड आहे का, बाक आहे का, हे स्ट्रीटकम्प्लीट ॲपमध्ये तिथल्या तिथे भरता येतं. शंका आली की टपरीवर विचारायचं.

“दादा, बस इथेच थांबते ना?”

“पाटी तिकडे आहे, पण गाडी इथे लागते.”

मग गाडी लागते तीच जागा नोंदवायची.

बिंदू टाकायचा तो प्रवासी उभे राहतात तिथे, म्हणजे जायच्या दिशेला रस्त्याच्या डाव्या कडेला. समोरासमोरचे थांबे एकाच नावाचे असले तरी बिंदू दोन. हे मी फार काटेकोरपणे पाळतो. चुकीच्या बाजूला पोचलेल्या आजींना तो रुंद रस्ता पुन्हा ओलांडावा लागतो, तोही बॅरिकेडमधून. (बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेतले थांबे मधोमध असतील, तर नकाशावरही मधोमधच.)

थांबा हलला की जुना बिंदू पुसून नवा टाकावासा वाटतो. तसं अजिबात करू नका. एकच बिंदू कितीतरी बसमार्गांच्या रिलेशनमध्ये, म्हणजे मार्गाचे रस्ते आणि थांबे एकत्र बांधणाऱ्या नोंदीत असतो; पुसला की त्या सगळ्या मार्गांतून थांबा गळतो. त्यापेक्षा तोच उचलून नव्या जागी ठेवावा. मार्ग शाबूत राहतात, आधी कुणी काय बदललं तेही दिसतं. रिलेशनची कामं मी घरी संगणकावर जोसम या नकाशा संपादनाच्या प्रोग्राममध्ये करतो, मोबाईलवर ती मला जमत नाहीत.

कामं संपतील तसे काही थांबे पुन्हा हलतील. म्हणून प्रत्येक थांब्याला पाहणीची तारीख जोडतोय. ती जुनी दिसली, तर त्या बाजूने जाणाऱ्या कुणीही थांबा पाहून नोंद ताजी करावी.