फ्यूज शाबूत, रेझिस्टर कोळसा

गाडी सुरू होत होती, चालतही होती. फक्त मीटर, म्हणजे डॅशबोर्डवरचा क्लस्टर, पूर्ण बंद. ना काटे, ना दिवे. सगळे फ्यूज शाबूत, क्लस्टरच्या सॉकेटवर बॅटरीचा कायमचा पुरवठा आणि इग्निशनचा पुरवठा दोन्ही येत होते. म्हणजे दोष आतच. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून क्लस्टर काढला. झाकण उघडताच जळका वास. कायमच्या पुरवठ्यावर, डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) पुढे, १२०६ आकाराचा (सुमारे ३.२ × १.६ मिलिमीटर) रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा भाग, जळून काळा पडलेला.

भिंगाखाली त्यावरचा पहिला '१' तेवढा दिसला. त्यावरून १० ओम, १०० ओम, १ किलोओम, काहीही असू शकतं. जळका रेझिस्टर मोजण्यात अर्थ नसतो, मल्टीमीटर कोळशाचा रोध दाखवतो. या बोर्डावर इग्निशनच्या पुरवठ्यालाही डायोड, रेझिस्टर, झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) आणि सिरॅमिक कॅपॅसिटर (व्होल्टेजचे चढउतार गाळणारा भाग) अशी हुबेहूब जोडणी होती. तिथल्या रेझिस्टरवर '१००'. हे शंभर ओम नव्हेत: तिसरा अंक पुढच्या शून्यांची संख्या सांगतो आणि इथे ती शून्य, म्हणून १० ओम.

तरी नुसत्या शेजाऱ्यावर विसंबू नये, हिशोब जुळतो का ते बघावं. क्लस्टरला १०० मिलिअँपिअर लागतात असं धरलं, तर १० ओमवर १ व्होल्ट पडतो. स्टार्टर फिरताना बॅटरी ८ व्होल्टवर आली, तरी डायोडचे ०.७ जाऊन ६.३ उरतात, ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तेवढे पुरतात. १०० ओम असता तर एकट्या रेझिस्टरवरच १० व्होल्ट पडले असते.

पण रेझिस्टर आपणहून सहसा जळत नाही. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत २ ओम मिळाले, प्रोब उलटे केले तरी तेवढेच. १२.६ व्होल्टमधून डायोडचे ०.७ गेले की ११.९ भागिले १२ ओम (रेझिस्टरचे १० आणि शॉर्टचे २), म्हणजे जवळपास १ अँपिअर. रेझिस्टरवर सुमारे १० वॅट, त्याची क्षमता पाव वॅट. १० अँपिअरच्या फ्यूजला मात्र १ अँपिअर म्हणजे काहीच नाही.

संशय साहजिकच झेनरवर जातो. त्याचं एक टोक उचललं: झेनर ठीक, शॉर्ट तसाच. मग बेंच सप्लायने (व्होल्टेज आणि प्रवाह ठरवता येणारा टेबलावरचा पुरवठा) रेझिस्टरच्या पुढच्या पॅडवर, म्हणजे त्याचं टोक सोल्डर केलेल्या तांब्याच्या जागेवर, १ व्होल्ट दिला, प्रवाहमर्यादा १ अँपिअर ठेवली आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडलं. ते सर्वांत आधी वाळलं स्क्रूच्या भोकाजवळच्या सिरॅमिक कॅपॅसिटरवर. वरून त्याला ओरखडाही नव्हता. तो काढला आणि २ ओमचे कित्येक किलोओम झाले. कारण स्क्रूमध्ये होतं: तिथे कोणीतरी लांब स्क्रू आवळला होता, बोर्ड वाकला होता. सिरॅमिक कॅपॅसिटर वाकणं सहन करत नाही. आत चीर जाते आणि कालांतराने शॉर्ट होतो. अशा कॅपॅसिटरवर किंमत छापलेली नसते, म्हणून इग्निशनच्या बाजूचा जुळा कॅपॅसिटर काढून मोजला: १ मायक्रोफॅरड. बदली भाग ५० व्होल्टचा, एक्स७आर (तापमान बदललं तरी किंमत फारशी न बदलणारा प्रकार), लवचीक टोकांचा घेतला.

रेझिस्टरखालचा कोळसा फायबरग्लास पेन्सिलने स्वच्छ बोर्ड दिसेपर्यंत खरवडला. हे टाळू नये, कोळसा वीज वाहतो. दोन पॅडमध्ये पूर्ण ओपन, म्हणजे वीज अजिबात जात नाही असं, मिळाल्यावरच पुढे गेलो. एक पॅड उखडला होता. तिथे ट्रॅकवरचं आवरण खरवडून ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार सोल्डर केली. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) ओढून घेतलं, फ्लक्स लावून ३५० अंशांवर १० ओमचा, १२०६ आकाराचाच पण अर्ध्या वॅटचा, पल्स (क्षणिक मोठा प्रवाह) सहन करणारा रेझिस्टर बसवला. इथे तारेचा तुकडा टाकून काम भागवणं मला अजिबात मान्य नाही: पुढच्या शॉर्टला मग ट्रॅकच जळेल.

गाडीत लावण्याआधी बेंच सप्लायवर मर्यादा २०० मिलिअँपिअर ठेवून व्होल्टेज हळूहळू चढवलं. १२ व्होल्टला रेझिस्टरवर ०.९ व्होल्ट, म्हणजे ९० मिलिअँपिअर. ८ व्होल्टपर्यंत उतरवलं तरी क्लस्टर रीसेट झाला नाही. अॅक्रिलिक कोटिंगचा हात दिला, योग्य लांबीचा स्क्रू लावला आणि जुळ्याच्या जागी जुना कॅपॅसिटर परत न लावता नवाच बसवला, कारण तोही त्याच भोकाच्या काठावर होता.