सॅटिन बॉनेटवरचे कुंकू

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. तिथे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना गाडीत तोंड दिसेल अशी चमक हवी असते. खानापूर भागातील एका तरुण कंत्राटदाराची मागणी मात्र उलटी होती. आपल्या करड्या एसयूव्हीची चमक उतरवून तिला मंद चमकेचे सॅटिन फिनिश द्यावे, असे त्याचे म्हणणे होते. रंग करडाच राहणार असल्यामुळे आरसीवरील नोंदीला धक्का लागणार नव्हता. रंग बदलायचा असता तर आधी आरटीओचे काम उरका, असे मी त्याला सांगितले असते. दसऱ्याच्या तोंडावर गाडी तयार झाली आणि काय लावू नये, कशाने घासू नये याचा छापील कागद सोबत देऊन मी ती ताब्यात दिली.

गाडीची चमक ठरते ती रंगावर मारलेल्या पारदर्शक लॅकरमुळे. मॅट किंवा सॅटिन लॅकरमध्ये सिलिकासारख्या पदार्थाची अतिशय बारीक पूड असते. लॅकर वाळून आकसू लागले की ही पूड पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे चढउतार तयार करते आणि त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने परत न जाता विखुरतो. त्या चढउतारांतच सगळी मजा आहे आणि सगळी अडचणही. साध्या लॅकरमध्ये धुळीचा कण अडकला, तर २००० नंबरच्या पेपरने घासून पॉलिश मारले की काम भागते. सॅटिनवर मात्र जिथे घासाल तिथे चढ झिजतात, तो भाग चकाकू लागतो आणि ती चकाकी काही केल्या उतरवता येत नाही.

दसरा झाल्यावर गाडी परत आली तेव्हा कंत्राटदाराबरोबर त्याची आज्जीही होती. खंडेनवमीला वाहनांची पूजा आमच्याकडे घरोघरी होते. आज्जींनी तेलात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढले होते आणि गाडी दिवसभर उन्हात उभी होती. संध्याकाळी कोणीतरी ओल्या फडक्याने जोर लावून ते पुसले. वर आलेले कुंकू निघाले, पण लॅकरच्या आत शिरलेला रंग तसाच राहिला. फिकट गुलाबी स्वस्तिक, त्याचे चारही ठिपके आणि आज्जींचे बोट जिथे थोडे घसरले होते ती रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. भोवती घासण्यामुळे चकाकलेला तळहाताएवढा डाग होता.

"हेला कुंकूसुद्धा चालत न्हाई म्हंजे कसला रंग ओ हा?" आज्जींनी विचारले. मला त्यांचा राग आला नाही. पूजेला बसताना गॅरेजचा कागद कोण वाचतो?

हार्डनर घातलेले लॅकर हाताला एका दिवसात कोरडे लागते, पण आतून पुरते कडक व्हायला त्याला काही आठवडे लागतात. त्या काळात तेल आणि तेलात विरघळणारा रंग त्यात सहज मुरतो. सौम्य शाम्पू झाला, मग अल्कोहोलचे क्लीनर मऊ कापडावर घेऊन न घासता नुसते टेकवून पाहिले. गुलाबी रंग फिका झाला, पण गेला नाही. तेवढ्याच जागेवर टचअप करता येईल का, असे कंत्राटदाराने विचारले. सॅटिनमध्ये ते जमत नाही, कारण नवे लॅकर जुन्यात जिथे मिसळवावे तिथे वेगळ्या चमकेचे कडे उमटते. लॅकर पॅनेलच्या कडेपर्यंत न्यावेच लागते. म्हणजे पूर्ण बॉनेट करणे आले.

बॉनेट रंगवणे अवघड नव्हते. अवघड होते ते शेजारच्या फेंडरशी, म्हणजे चाकावरच्या पत्र्याशी, त्याची चमक जुळवणे. उद्यमबागेतल्याच एका पावडर कोटिंगवाल्या मित्राकडून मी ग्लॉसमीटर मागून आणला. ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून हे यंत्र चमक मोजते आणि गुळगुळीत काळ्या काचेची चमक त्यात १०० धरलेली असते. फेंडरवर आकडा ३२ आला. पहिल्या कामाच्या वेळी रंगवलेले नमुन्याचे पत्रे मी मिश्रणाचे प्रमाण लिहून जपून ठेवले होते, ते आता कामी आले. आमच्याकडे मॅट आणि सेमी-ग्लॉस अशी दोन लॅकरे ठरावीक प्रमाणात मिसळून हवी ती चमक साधतात. पण प्रमाण तेच ठेवले तरी थर जाड बसला, स्प्रे गनचा दाब बदलला किंवा हवेत दमटपणा असला की आकडा सरकतो. परतीच्या पावसाने त्या दिवशी हवा जड होती. त्याच प्रमाणाचा नवा पत्रा ३६ दाखवू लागला, तेव्हा मॅटचा भाग किंचित वाढवून मी पुन्हा नमुना मारला आणि तो जुळल्यावरच बॉनेटला हात घातला.

पेपर मारताना गुलाबी रंग वरच्या लॅकरमध्येच संपला, खालच्या करड्या मेटॅलिकपर्यंत पोचला नव्हता. तो पोचला असता तर काम दुप्पट झाले असते. डबा तळापासून ढवळून घेतला, कारण पूड खाली बसते. लॅकरचा पहिला हात मारून झाल्यावर बॉनेट ओल्या काचेसारखे लखलखत होते. या क्षणी घाई करायची नसते. चमक आधी कडांना मावळू लागली, हळूहळू मध्याकडे सरकली आणि सर्वांत शेवटी बॉनेटच्या घडीच्या रेषेत, जिथे थर किंचित जाड असतो, तिथली ओल मंद झाली. सगळे बॉनेट सारखे निस्तेज होईपर्यंत पोराला मी गनला हात लावू दिला नाही, कारण त्याआधी मारलेल्या दुसऱ्या हाताने ढगासारखे पट्टे उमटतात. दुसरा हात पहिल्याला आडवा मारला, दर फेरीत आधीच्या फेरीचा मोठा भाग झाकत, मध्ये कुठेही न थांबता. मग रंगकामाची बंद खोली, म्हणजे बूथ, ६० अंश सेल्सिअसवर ठेवून ते वाळवले.

दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटवर ३१ ते ३३ असे आकडे आले. फेंडरशेजारी उभे राहून कोणत्याही बाजूने पाहिले तरी फरक कळत नव्हता. बिल लॅकर आणि मजुरीपुरते घेतले. बॉनेटवर मॅट पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, चढवता येईल, असे मी सुचवले होते. पण फिल्मची स्वतःची चमक वेगळी असते आणि मग फक्त बॉनेट उठून दिसेल, हे ऐकून कंत्राटदाराने तो विचार सोडला.

दिवाळीच्या अमावास्येला त्याचा फोन आला. आज्जी ताट घेऊन उभ्या होत्या आणि कुंकू कुठे लावायचे, असे विचारत होत्या. "पुढच्या काचेवर लावा म्हणावं," मी म्हणालो, "फक्त तेलात कालवू नका, आणि झेंडूचा हार बॉनेटवर न टाकता आरशाला बांधा."